कोणती ऑपरेटिंग सिस्टीम सेफ? आधी कॅबिनेटवर मार्करने तारीख लिहा

"लिनक्स टाकलं की व्हायरस येत नाही म्हणे, खरंय का बे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कधी नवी पेठेत चहाच्या गाड्यावर, कधी रात्री अकराला फोनवर, आणि विचारणारा बहुतेक वेळा नुकताच कुठंतरी हात पोळून आलेला असतो. मी सोलापुरात छोटी ऑफिसं, दुकानं, कारखाने यांचे कॉम्प्युटर बघतो, त्यामुळं याचं उत्तर तोंडी लई वेळा दिलंय आणि दरवेळी अर्धवट राहिलंय. म्हणून एकदा बैजवार लिहितोय.

सुरुवात एका अण्णांच्या ऑफिसपासून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. ऑफिसात दोन कॉम्प्युटर, एकावर टॅली आणि बिलं, दुसऱ्यावर मेल, व्हॉट्सॲप वेब आणि सटरफटर. सोमवारी सकाळी फोन आला, "अरे, फायलींची नावंच बदललीत सगळी, एक पण उघडंना." जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला वेडंवाकडं शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, पैसे द्या मग कुलूप काढतो. रॅन्समवेअर. कॅबिनेट उघडलं तर आत सुताचा कोंडा बोटभर साचलेला आणि मागच्या बाजूला एक पेनड्राइव्ह खोचलेला. अण्णा म्हणाले, "बॅकअप हाय की त्याच्यात." तो पेनड्राइव्ह दोन वर्षं तिथंच खोचून होता, त्यामुळं टॅलीबरोबर तोही कुलपात गेला. वाचलो ते सीएकडं जीएसटीसाठी दिलेल्या कॉपीमुळं, ती पण तीन आठवडे जुनी. मधली बिलं पोरांनी चलनाच्या पुस्तकावरनं परत चढवली.

अण्णांचा निष्कर्ष तयारच होता, "विंडोजच बेकार, लिनक्स टाक." पण झालं काय होतं ते बघा. मशीनवर विंडोज ७, तेही ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम, मारून चालू केलेलं. क्लार्कचं अकाउंट ॲडमिनचं. घरनं बिलं बघता यावीत म्हणून कुणीतरी राउटरमधनं रिमोट डेस्कटॉप सरळ इंटरनेटला उघडा करून ठेवलेला, आणि पासवर्ड म्हणजे कारखान्याचं नाव पुढं १२३. हीच पापं लिनक्सवर केली असती, म्हणजे बाहेरनं लॉगिन उघडं आणि पासवर्ड असला, तर तिथंही चोर आलाच असता. उघड्या लॉगिनवर दिवसरात्र पासवर्ड मारत बसणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सिस्टीमचं नाव बघून येत नाहीत.

म्हणून नावांची तुलना करू नका, टेबलावर जे मशीन ज्या अवस्थेत आहे त्याची करा. अपडेट असलेलं, साध्या अकाउंटवर चालणारं विंडोज ११ हे एक आणि क्रॅक मारलेलं विंडोज ७ हे दुसरंच, दोघांचं आडनाव एक आहे इतकंच.

आणि कुणी "अमक्या सिस्टीममध्ये यंदा इतकी भोकं सापडली, तमक्यात कमी" असा आकडा तोंडावर फेकला तर तो पण बाजूला ठेवा. सापडलेल्या भोकांना सीव्हीई नावाचे नंबर देतात. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलवाले (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) हे नंबर स्वतःच द्यायला लागले आणि सुरक्षेशी लांबचा संबंध असू शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला नंबर देतात, त्यामुळं त्यांचा आकडा एकदम फुगला. म्हणून काय कर्नल एका रात्रीत कच्चा झाला? मोजायची पद्धत बदलली, बाकी काही नाही.

तर एक कोरा कागद घ्या. घरातली, ऑफिसातली सगळी मशीन एकाखाली एक लिहा, फोन धरून. आडवे पाच रकाने पाडा: अपडेट कधीपर्यंत, ॲडमिन कोण, सॉफ्टवेअर कुठनं आलं, डिस्कला कुलूप आहे का, बॅकअप परत येतो का.

पहिला रकाना: अपडेटची तारीख

विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा, छोटी पट्टी उघडेल, त्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करून एंटर मारा, व्हर्जन दिसतं. विंडोज ७ दिसलं तर त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी एक वर्षाची जादा मुदत ठेवलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, आणि नाव नोंदवायचं बटण सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच असतं. ११ वाल्यांनी पण पाय पसरून बसू नये. होम आणि प्रोच्या प्रत्येक व्हर्जनला दोनच वर्षं मिळतात, २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आणि २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७.

उबुंटू आणि मिंट ही लिनक्सचीच रूपं. उबुंटूच्या ज्या व्हर्जनपुढं एलटीएस लिहिलेलं असतं त्यांना पाच वर्षं मिळतात, २२.०४ ला २०२७ पर्यंत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. उबुंटू प्रोला नाव नोंदवलं तर हीच मुदत दहा वर्षांची होते आणि घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे. लिनक्स मिंट २२ पण २०२९ पर्यंत. एलटीएस नसलेलं उबुंटू फक्त नऊ महिने चालतं, ते ऑफिसात टाकूच नका. ॲपल मॅकसाठी अशी तारीख जाहीर करत नाही, पण सवय अशी दिसते की ताज्या तीन व्हर्जनांना पॅच मिळतात, चौथं जुनं झालं की संपलं. क्रोमबुकवर सेटिंग्जमध्ये अबाउटच्या पानावर आत शिरलं की शेवटची तारीख लिहिलेली सापडते.

इथं एक फसगत नेहमी होते. मशीन जुनं, पण अँटीव्हायरसची हिरवी टिक दिसते म्हणून माणूस निवांत. विंडोज १० वर डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या, याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, पण यादी म्हणजे वॉचमनच्या हातातला चोरांच्या फोटोंचा गठ्ठा. पॅच म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला पडलेलं भगदाड बुजवणं. भगदाड तसंच ठेवून वॉचमनला रोज नवे फोटो दिले तर तो किती जणांना अडवणार?

दुसरी फसगत आपल्याकडं जास्त, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवायचा आणि डेटा संपू नये म्हणून कनेक्शन मीटर्ड करून ठेवायचं. मीटर्ड असलं की विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही. जुळे सोलापुरात एका ट्यूशनवाल्या मॅडमचं मशीन ओरिजिनल, लायसन्स ओरिजिनल, आणि अपडेट सात महिने जुना, कारण तेवढं एक बटण. अजून एक, भर अपडेटमध्ये लाइट गेली की मशीन बोंबलायची भीती असते, म्हणून लोक अपडेट पुढं ढकलत राहतात. युपीएसची बॅटरी बदला, ती अपडेटपेक्षा आधी मेलेली असते.

हा रकाना पहिला का, तर वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर. ज्या भोकातनं तो शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिलेला होता आणि हल्ला सुरू झाला १२ मे ला. मधे ५९ दिवस. १५० च्या वर देशांतली दोन लाखांवर मशीन अडकली, इंग्लंडातली सरकारी हॉस्पिटलं बंद पडली, आणि सापडलेल्यांत सगळ्यात जास्त भरणा विंडोज ७ चा होता, म्हणजे ज्याला त्या वेळी पॅच मिळत होता आणि लोकांनी टाकला नव्हता.

दुसरा रकाना: ॲडमिन कोण

पॅच टाकला तरी काम संपत नाही, हे त्याच वर्षी दीड महिन्यात कळलं. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या नावाचा हल्ला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधनं आत शिरला आणि तिथनं जगभर गेला, इतका की आपल्या न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो तेच बंदर. त्याची चाल अशी होती की एका मशीनच्या मेमरीतनं ॲडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या मशीनवर जायचं, तिथं पॅच असला तरी. एकाच ॲडमिन पासवर्डवर सगळं ऑफिस चालत असेल तर एक मशीन पडणं म्हणजे सगळी पडणं.

विंडोजचं दुखणं असं की मशीन पहिल्यांदा चालू करताना जे अकाउंट बनतं ते ॲडमिनचं असतं, आणि मग लोक आयुष्यभर त्याच्यावरच काम करतात. मधेच स्क्रीन अंधारून "यस का नो" विचारणारी चौकट येते, व्हिस्टापासून आली ती, पण यस दाबायची बोटाला इतकी सवय झालेली असते की तिचा उपयोग देवाला नमस्कार केल्याइतकाच.

आज संध्याकाळी हे करा, वीस मिनिटांचं काम आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथं अदर यूजर्स, नवीन अकाउंट बनवा, त्याचा प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करा, वेगळा चांगला पासवर्ड द्या. मग साइन आउट करून त्या नव्या अकाउंटमधनं एकदा खरंच आत जाऊन बघा, ही पायरी गाळू नका, मी एकदा गाळली होती आणि पासवर्ड कॅप्स लॉकमध्ये टाइप झाला होता, मग रविवार गेला. आत जाता आलं की तिथनंच रोजच्या अकाउंटचा प्रकार स्टँडर्ड करा. यानंतर काही इन्स्टॉल करायचं म्हणलं की विंडोज यस-नो न विचारता ॲडमिनचा पासवर्ड मागेल, आणि तो क्लार्कला माहीत नसेल. क्लार्क कुरकुर करेल. करू द्या.

मॅकवर पण पहिलं अकाउंट ॲडमिनचंच असतं, कृती हीच. लिनक्सवर पहिल्या माणसाला सुडो मिळतो, म्हणजे पासवर्ड टाकून तेवढ्यापुरता ॲडमिन होता येतं, दुसऱ्या लोकांसाठी स्टँडर्ड अकाउंट बनवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण लिनक्सवाले मित्र ही सांगत नाहीत. तुमच्या नावानं चालणारा प्रोग्राम तुमच्या सगळ्या फायली वाचू शकतो आणि कुलूपबंद करू शकतो, त्याला ॲडमिन व्हायची गरजच नाही. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये पण हेच. सिस्टीम वाचेल, बिलं जातील.

तिसरा रकाना: सॉफ्टवेअर आलं कुठनं

या रकान्यात आपल्याकडची निम्मी मशीन नापास होतात. ॲक्टिव्हेटर चालवायच्या आधी तो काय सांगतो आठवा, "अँटीव्हायरस बंद करा." आणि आपण करतो! अनोळखी माणूस म्हणतो कुत्र्याला बांधा, मग घरात येतो, आणि आपण बांधतो. शिवाय ॲडमिन करून चालवतो. त्यानंतर त्या मशीनची तुलना कशाशीच करण्यात अर्थ नाही, ते पुसून परत इन्स्टॉल करणं हाच उपाय.

लिनक्सची खरी ताकद इथं आहे, "व्हायरस येत नाही" वगैरेमध्ये नाही. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, पॅकेजवर सही असते आणि ती तपासूनच ते बसतं, गूगलवर "फ्री डाउनलोड" शोधत फिरावं लागत नाही. एकाच ठिकाणावरनं सगळ्या प्रोग्रामचे अपडेट येतात. विंडोजवर ब्राउझर वेगळा, पीडीएफवालं वेगळं, झिपवालं वेगळं, प्रत्येकाचा अपडेट वेगळा.

पण तिथंही डोळे झाकायचे नाहीत. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची वेबसाइटच हॅक करून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि त्या दिवशी ज्यांनी ती फाइल उतरवली त्यांना चोरदरवाज्यासकट मिंट मिळालं. म्हणून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवली की चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे दाखवणारा आकडा, जुळवून बघायचा, साइटवर कृती दिलेली असते. आणि मार्च २०२४ चा एक्सझेडचा, म्हणजे लिनक्समध्ये फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, किस्सा तर भारी आहे. कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून, त्या छोट्या प्रोजेक्टचा विश्वास कमावला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. पकडला कुणी, तर अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरनं, कारण त्याचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त वेळ घेत होतं. कोड उघडा असल्यामुळं तो खोलात जाऊ शकला हे खरं, आणि उघडा असूनही आत शिरला हेही तितकंच खरं.

सध्या एक फसवणूक सगळ्या सिस्टीमवर चालते. एखादं पान उघडतं, म्हणतं तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा, विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर. मॅकवाल्याला टर्मिनल उघडायला सांगतात. तुम्ही स्वतःच्या हातानं कमांड चालवली की कोणतीच सिस्टीम तुम्हाला धड अडवू शकत नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगून ठेवा, वेबसाइटनं सांगितलेलं काहीही कुठंही पेस्ट करायचं नाही.

चौथा रकाना: डिस्कला कुलूप

लॅपटॉप एसटी स्टँडवर राहिला, बस गेली. ज्याला मिळाला त्यानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की झालं, विंडोजचा पासवर्ड आडवा येत नाही. त्यासाठी एन्क्रिप्शन, म्हणजे कीशिवाय डिस्क वाचताच येऊ नये अशी सोय. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, होममध्ये मशीन चालण्यासारखं असेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं बटण, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये इन्स्टॉल करतानाच "एन्क्रिप्ट" ला टिक करायची, मागाहून करणं म्हणजे डोकेदुखी. या रकान्यात सगळे सारखेच चांगले आहेत, फरक फक्त चालू आहे का नाही एवढाच.

पण रिकव्हरी की कागदावर छापून घराच्या कपाटात ठेवल्याशिवाय हात लावू नका. नव्या विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सेटिंग केलं तर एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. ते अकाउंट दुकानातल्या पोरानं स्वतःच्या मेलवर बनवलेलं असेल तर? मदरबोर्ड बदलल्यावर निळा स्क्रीन की मागतो, आणि पोरगं तोवर पुण्याला गेलेलं असतं.

आता सिस्टीमची एकमेकांशी

चार रकाने सगळीकडं सारखे भरले असं धरलं, तर उरतो तो खरा फरक.

विंडोजवर हल्ले जास्त, कारण ऑफिसं तिथं, पैसे तिथं. आणि जुनं चालू ठेवायचा त्यांचा हट्ट, वीस वर्षांपूर्वीचा प्रिंटर आणि प्रोग्राम पण चालला पाहिजे, त्या हट्टापायी जुने दरवाजे लई दिवस उघडे राहतात. वॉनाक्राय ज्यातनं शिरला तो फाइल शेअरिंगचा पहिला प्रकार असाच म्हातारा होता. पण आजचं विंडोज ११ कच्चं नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाची तपासणी, मागतं म्हणून लोक शिव्या घालतात, आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर नाकारतं म्हणून तर जास्तच, पण त्यामुळं विंडोज चालू व्हायच्या आधी खाली दबा धरून बसणाऱ्या गोष्टी अवघड झाल्यात. डिफेंडर फुकट आणि पुरेसा आहे, घरगुती माणसानं वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यावा असं मला वाटत नाही, विकणाऱ्या दुकानदारांनी माफ करावं. एक जादा बटण चालू करा, विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. ओळखीचा नसलेला प्रोग्राम डॉक्युमेंट्सला हात लावू शकत नाही. टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो फोल्डर यादीत टाकावा लागतो, आणि टॅली अडकलं तर तिथंच त्याला परवानगी द्यायची, सगळं बटण बंद करायचं नाही.

मॅकमध्ये कुलपं आधीच लावून येतात. ओळख नसलेलं ॲप गेटकीपर अडवतो, २०१५ पासून सिस्टीमच्या फायलींना ॲडमिन पण हात लावू शकत नाही. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली, ते मॅकवर झालं नाही, तो अपडेट विंडोजसाठीचाच होता, शिवाय असल्या सॉफ्टवेअरला ॲपलनं कर्नलमधनं आधीच बाहेर काढलंय. पण "मॅकला व्हायरस नसतो" हे २०१२ मध्येच खोटं ठरलं, फ्लॅशबॅकनं जावाच्या भोकातनं सहा लाखांच्या आसपास मॅक पकडले होते. आता तर खोटी चौकट दाखवून पासवर्ड मागणारे आणि ब्राउझरमधलं सगळं उचलून नेणारे प्रोग्राम खास मॅकसाठी विकले जातात.

लिनक्सचं तिसऱ्या रकान्यात बोललोच. डेस्कटॉपवर हल्ले कमी कारण गिऱ्हाईकच कमी, सर्व्हरवर मात्र भरपूर. मिंट, उबुंटू टाकलं की फायरवॉल बंदच असतो, मिंटच्या मेनूत फायरवॉल नावानंच सापडतो, एक बटण सरकवायचं. आणि मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनला जाऊन अपडेट आपोआप करा, नाहीतर कोपऱ्यात ठिपका महिनोन्महिने लुकलुकत राहतो.

क्रोमओएस, म्हणजे क्रोमबुकवरची सिस्टीम, ज्या माणसाला फक्त ब्राउझर लागतो त्याच्यासाठी माझ्या मते या सगळ्यांत निर्धास्त. दर बूटला सिस्टीम स्वतःला तपासते, बिघडलेली दिसली तर चांगली कॉपी वापरते. जुन्या मशीनवर टाकायचं क्रोमओएस फ्लेक्स फुकट आहे, पण गूगलची सिक्युरिटी चिप त्या मशीनमध्ये नसते, त्यामुळं ते क्रोमबुकइतकं पक्कं धरू नका. ओपनबीएसडी, क्यूब्ज वगैरे त्याहून कडक, पण शेंगाचटणीच्या दुकानाला बँकेची तिजोरी कशाला?

फोन विसरू नका

कागदावर फोन लिहायला सांगितला कारण पैसे आता तिथनं जातात. अँड्रॉइडमध्ये अबाउट फोनमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, वर्षभर जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. आणि व्हॉट्सॲपवर येणारी लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची, फाइल म्हणून येत नसतं. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल अननोन ॲप्स शोधा, यादीत व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोन्ही बंद करा. असलं ॲप एसएमएसची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर पुढं पाठवतं. आयफोनवर एपीके चालतच नाही, तेवढा तो बरा. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३०, मग बँक, मग नातेवाईक, उलट क्रमानं नाही.

पाचवा रकाना: बॅकअप परत येतो का

"बॅकअप आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मागच्या महिन्यातलं एक बिल बॅकअपमधनं काढून दाखव" म्हणा. दोन हार्डडिस्क घ्या, एक सोमवारी लावायची, कॉपी झाली की काढून घरी न्यायची, पुढच्या सोमवारी दुसरी. खोचून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नाही, अण्णांना विचारा. दर तीन महिन्यांनी एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर ती उघडून टॅलीची कंपनी रिस्टोअर करून बघायची. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की चार महिने रिकाम्या फोल्डरची कॉपी होत होती, टॅलीचा डेटा दुसऱ्याच ड्राइव्हवर होता.

मग टाकायचं काय

कागद भरून झाला की निवड आपोआप होते. टॅली विंडोजसाठीच बनतं, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर विंडोजवर हमखास चालतात आणि लिनक्सवर असले तरी कटकट करतात, श्रीलिपीत वर्षानुवर्षं टाइप केलेली पत्रं असतील तर तीही विंडोजलाच बांधलेली. त्या मशीनला विंडोज ११, ओरिजिनल, आणि त्या मशीनवर मेल नाही, यूट्यूब नाही, पेनड्राइव्ह नाही. बाकीचं ब्राउझरवालं काम मिंटवर आरामात होतं, चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनला त्याचं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घ्या. इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरनं लाइव्ह चालवून दोन दिवस काम करून बघा, प्रिंट येते का, स्कॅनर बोलतो का, मराठी टाइप होतं का. हार्डडिस्कला तोवर धक्का लागत नाही. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज होतं तसंच.

अण्णांकडं शेवटी तेच केलं. टॅलीला सेकंडहँड पण आठव्या पिढीचं मशीन घेतलं, विंडोज ११ चं लायसन्स घेतलं, राउटरमधलं ते पोर्ट बंद केलं. जुन्याचा कोंडा ब्लोअरनं उडवून त्याच्यावर मिंट २२. मग लाल मार्कर घेऊन दोन्ही कॅबिनेटवर मोठ्या अक्षरात तारखा लिहिल्या, एकावर १२ ऑक्टोबर २०२७, दुसऱ्यावर एप्रिल २०२९. अण्णांना ही आयडिया लई आवडली. मी हात धुऊन आलो तर ते खुर्चीवरनं वाकून त्याच मार्करनं तारखेखाली ॲडमिनचा पासवर्ड लिहीत होते, तीन अक्षरं लिहून पण झाली होती.